एलिनॉर क्लार्क स्लेगल : चाळिशीत विद्यार्थिनी झालेली ऑक्युपेशनल थेरपीची शिल्पकार

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्जच्या कागदावर औषधांखाली दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी. पहिला शब्द बहुतेक नातेवाइकांना ठाऊक असतो. दुसऱ्या शब्दापाशी ते थबकतात. हे दोन्ही एकच ना, असे विचारतात. मराठीत ऑक्युपेशनल थेरपीला व्यवसायोपचार म्हणतात, आणि त्या नावाने गोंधळ आणखी वाढतो. निवृत्त झालेल्या आजोबांना किंवा चार वर्षांच्या मुलाला आता कसला व्यवसाय शिकवणार, असे घरच्यांना वाटते.

अलीकडे आणखी एक प्रश्न कानावर येतो. घरातल्या कुणाच्या आजारपणात थेरपिस्टचे काम जवळून पाहिलेली मुले बारावीनंतर हाच अभ्यासक्रम घ्यावा का, असे विचारतात. आईवडिलांना वाटते, एमबीबीएस नाही, फिजिओ नाही, मग हे नक्की आहे तरी काय?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका आयुष्यात सापडते. एलिनॉर क्लार्क स्लेगल या अमेरिकन बाईंनी वयाच्या चाळिशीत हे शास्त्र शिकायला सुरुवात केली. तेव्हा त्याला धड नावही नव्हते. पुढच्या पंचवीस वर्षांत त्याला नाव, शाळा, अभ्यासक्रम आणि देशव्यापी संघटना मिळाली. या प्रत्येक गोष्टीत त्यांचा हात होता.

व्यवसाय म्हणजे इथे काय?

या शास्त्रात व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा एवढाच अर्थ नाही. माणसाचा दिवस ज्या ज्या गोष्टींनी भरलेला असतो, त्या सगळ्या इथे व्यवसाय मानल्या जातात. दात घासणे, आंघोळ, कपडे घालणे, जेवणे, स्वयंपाक, शाळेत लिहिणे, बाजारहाट, मुलांचे खेळणे, पूजा, गप्पा, नोकरी, इतकेच काय, पण विश्रांती आणि झोपसुद्धा त्यात येते. आजाराने किंवा अपघाताने यातले जे हातून सुटले, ते पुन्हा करता यावे किंवा वेगळ्या पद्धतीने करता यावे, हे या उपचाराचे उद्दिष्ट आहे.

फिजिओथेरपिस्ट प्रामुख्याने स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, तोल आणि चालणे यांवर काम करतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ ती हालचाल रोजच्या कामात कशी उतरेल ते पाहतात. दोघांचे काम काही ठिकाणी एकमेकांत मिसळते, आणि अनेक रुग्णांना दोघांचीही गरज असते.

सुरुवातीचे आयुष्य

एलिनॉर यांचा जन्म १८७० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील होबार्ट या छोट्या गावी झाला. घरचे नाव एला मे क्लार्क. वडील अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी होऊन परतलेले होते. भाऊ जॉन डेव्हनपोर्ट क्लार्क पुढे अमेरिकी संसदेचे सदस्य झाले. घरातल्या एका लहान मुलाला, त्यांच्या भाच्याला, पोलिओ झाला होता. अपंगत्व आणि दीर्घ आजार ही त्यांच्यासाठी पुस्तकातली गोष्ट नव्हती.

रॉबर्ट स्लेगल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार पुढे टिकला नाही, नाव मात्र राहिले. विसावे शतक उजाडून दहा वर्षे झाली, तेव्हा त्या शिकागोत होत्या. वय चाळीस. हातात वैद्यकीय पदवी नाही की परिचारिकेचे प्रशिक्षण नाही. त्या काळी या वयाच्या, एकट्या राहणाऱ्या बाईने नवे शिक्षण घ्यायला निघणे ही साधी गोष्ट नव्हती.

चाळिशीत पुन्हा विद्यार्थिनी

शिकागोत तेव्हा हल हाउस नावाची संस्था गाजत होती. जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी ती १८८९ मध्ये गरीब, स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत सुरू केली होती. ॲडम्स यांना पुढे १९३१ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सहकारी ज्युलिया लॅथ्रॉप सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी करत असत. तिथे त्यांना जे दिसे ते भयंकर होते. शेकडो रुग्ण भिंतीकडेच्या बाकांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसते बसून असत. कुणी त्यांच्याशी बोलत नसे, काही करायला देत नसे.

आज आपल्याकडे स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवर परिणामकारक औषधे आहेत. ती १९५० च्या दशकात आली. त्याआधी मनोरुग्णालयात दाखल झालेला माणूस अनेकदा आयुष्यभर तिथेच राही. आजार तर होताच, पण वर्षानुवर्षांच्या रिकामपणाने जे उरले होते तेही जाई. माणूस स्वतःचे केस विंचरायचे विसरे, चमच्याने जेवायचे विसरे.

यावर उपाय म्हणून शिकागोतील समाजकार्याच्या शाळेत १९०८ पासून रुग्णालयातील कर्मचाऱ्यांसाठी एक छोटा अभ्यासक्रम सुरू झाला. रुग्णांना हाताला काम कसे द्यावे, हे त्यात शिकवत. १९११ मध्ये एलिनॉर यांनी या अभ्यासक्रमात नाव घातले.

कुणाला तरी मदत करावी, ही इच्छा त्या काळातल्या अनेक सुखवस्तू स्त्रियांना होती. त्या रुग्णालयात फळे नेत, गाणी म्हणत, विणकाम शिकवत. एलिनॉर यांनी वेगळी वाट धरली. चांगुलपणा पुरेसा नाही, हे काम शिकावे लागते, असे मानून त्या वर्गात जाऊन बसल्या. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ या निर्णयात आहे. अभ्यासक्रम संपल्यावर त्यांनी मिशिगन आणि न्यूयॉर्क या राज्यांतील मनोरुग्णालयांत कर्मचाऱ्यांना शिकवायला सुरुवात केली.

बाल्टिमोर : दिवसाकडे पाहायला शिकणे

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९१३ मध्ये फिप्स क्लिनिक हा मनोविकार विभाग उघडला. त्याचे प्रमुख होते स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले ॲडॉल्फ मायर, त्या काळातले अमेरिकेतील सर्वांत प्रभावी मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी एलिनॉर यांना या विभागातील व्यवसायोपचाराचे काम सोपवले.

मायर यांची विचार करण्याची पद्धत एलिनॉर यांच्या कामाचा पाया ठरली. मानसिक आजारात माणसाची जगण्याची घडी विस्कटते, असे ते मानत. काम, खेळ, विश्रांती आणि झोप या चार गोष्टींचा तोल हा निरोगी आयुष्याचा आधार आहे. तो तोल बिघडला की आजार बळावतो, आणि तो पुन्हा सांभाळायला शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे. हा तोल उपदेशाने येत नाही, प्रत्यक्ष करून येतो.

म्हणून रुग्ण तपासताना दोन प्रश्न महत्त्वाचे ठरले. या माणसाला कोणता आजार आहे, हा पहिला. आणि याचा दिवस कसा जातो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचे उत्तर शोधायला तितकाच सराव लागतो. एलिनॉर तो सराव इथे करत होत्या.

सवयींचे प्रशिक्षण

या अनुभवातून त्यांची सर्वांत प्रसिद्ध पद्धत आकाराला आली. तिचे नाव सवयींचे प्रशिक्षण. ज्यांच्याविषयी सगळ्यांनी आशा सोडली होती, अशा जुन्या रुग्णांसाठी ती होती.

रुग्णांचा छोटा गट करायचा. त्यांच्यासाठी चोवीस तासांचे वेळापत्रक आखायचे. ठरल्या वेळी उठवणे, शौचास नेणे, तोंड धुणे, कपडे घालणे, टेबलाशी बसून जेवणे, थोडे फिरणे, एखादे सोपे काम, खेळ, विश्रांती, झोप. रोज तेच, त्याच क्रमाने, त्याच माणसांबरोबर. सुरुवातीला परिचारिका हात धरून करवून घेई. मग मदत हळूहळू कमी करायची. स्वतःची स्वच्छता जमू लागली की सोपे हस्तकाम, ते जमले की जरा अवघड, मग गटातले काम, मग रुग्णालयातल्या कार्यशाळेत जाणे.

आज आपल्याला हे साधे वाटेल. पण यामागचे तत्त्व पक्के होते. सवय ही मेंदूची बचत आहे. रोजची कामे सवयीने होतात तेव्हा प्रत्येक वेळी विचार करावा लागत नाही. आजाराने सवयी मोडल्या की दात घासण्यासारखी गोष्टही डोंगराएवढी होते. त्यामुळे सवय पुन्हा बसवायची तर काम लहान लहान पायऱ्यांत तोडायचे, पायरी माणसाच्या आवाक्यात ठेवायची, आणि ती पुन्हा पुन्हा करवून घ्यायची.

या तोडण्याला आज कृतीचे विश्लेषण म्हणतात, आणि या क्षेत्रातला प्रत्येक विद्यार्थी ते शिकतो. आपल्या स्वयंपाकघरातले उदाहरण घ्या. उजवा हात कमजोर झालेल्या आजींना पुन्हा पोळ्या करायच्या आहेत. थेट लाटणे हातात दिले तर जमणार नाही, आणि त्या खचतील. आधी ताटातल्या मटाराच्या शेंगा सोलणे: इथे बोटांची चिमूट आणि दोन हातांचा मेळ लागतो. मग मेथी निवडणे. मग परातीतली भिजवलेली कणीक दाबणे: इथे तळहाताचा आणि खांद्याचा जोर लागतो. मग छोटी पुरी लाटणे. प्रत्येक पायरीला कोणता सांधा, कोणता स्नायू, किती लक्ष, किती स्मरण आणि किती वेळ उभे राहणे लागते, हे थेरपिस्टला माहीत असते. बघणाऱ्याला ते नुसते मटार सोलणे दिसते.

शिकागोची शाळा आणि १९१७ ची बैठक

बाल्टिमोरहून परतल्यावर एलिनॉर यांनी १९१५ मध्ये शिकागोत मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या आधाराने एक केंद्र सुरू केले. त्यातून उभी राहिलेली शाळा हेन्री बी. फॅविल या डॉक्टरांच्या नावाने ओळखली गेली. व्यवसायोपचार शिकवणारी पहिली व्यावसायिक शाळा म्हणून तिचा उल्लेख होतो. चार वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी आता शिक्षिका झाली होती.

त्या एकट्या नव्हत्या. बॉस्टनमध्ये सुझन ट्रेसी या परिचारिकेने १९०६ पासून असाच अभ्यासक्रम शिकवायला घेतला होता आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले होते. मेरीलँडमध्ये विल्यम रश डंटन हे मनोविकारतज्ज्ञ काम करत होते. न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावात जॉर्ज बार्टन नावाचे वास्तुविशारद होते. क्षयरोग, पायाच्या बोटांचा गँगरीन आणि डाव्या अंगाचा लुळेपणा एवढे सगळे त्यांच्या वाट्याला आले होते. बागकाम आणि सुतारकाम करत त्यांनी स्वतःला सावरले होते.

मार्च १९१७ मध्ये बार्टन यांच्या घरी सहा जण जमले: बार्टन, डंटन, एलिनॉर, हस्तकला शिक्षिका सुझन कॉक्स जॉन्सन, कॅनडाचे थॉमस किडनर आणि बार्टन यांच्या सचिव इझाबेल न्यूटन. एक वास्तुविशारद, एक डॉक्टर, एक शिक्षिका, पण जन्माने व्यवसायोपचारतज्ज्ञ असा कुणीच नाही, कारण तसा वर्गच अजून नव्हता. तिथे व्यवसायोपचाराची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तीच आजची अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपी असोसिएशन. एलिनॉर उपाध्यक्ष झाल्या आणि १९१९ मध्ये अध्यक्ष.

युद्धाने घेतलेली परीक्षा

बैठकीनंतर महिनाभरातच अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. हातपाय गमावलेले, मणक्याला इजा झालेले, स्फोटांच्या धक्क्याने मन हादरलेले सैनिक परत येऊ लागले. त्यांचे जीव शल्यचिकित्सकांनी वाचवले होते. पण वाचलेल्या माणसाने पुढे जगायचे कसे, हा प्रश्न उरला होता. लष्कराने पुनर्वसन साहाय्यक म्हणून तरुण स्त्रियांची भरती केली, आणि त्यांना घाईने तयार करण्याच्या कामात एलिनॉर यांचा मोठा वाटा होता. फिलाडेल्फियात १९१८ मध्ये व्यवसायोपचाराची शाळा निघाली. इतरत्रही अभ्यासक्रम सुरू झाले.

गरज मोठी होती म्हणून छोट्या छोट्या अभ्यासक्रमांचे पेव फुटले. काही आठवड्यांत विणकाम आणि टोपल्या करायला शिकवून विद्यार्थ्यांना रुग्णालयात पाठवले जाई. युद्ध संपल्यावर याचा धोका दिसू लागला. टोपली विणता येणाऱ्या माणसाला रुग्ण समजतोच असे नाही. ज्याच्या हाताला संवेदना नाही त्याच्या हाती धारदार हत्यार दिले, किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला न झेपणारे काम दिले, तर उपचाराऐवजी अपाय होतो.

किमान अभ्यासक्रम ठरला

एलिनॉर यांचे सर्वांत टिकाऊ काम या टप्प्यावर झाले, आणि ते दिसायला सर्वांत रुक्ष आहे: नियम, अभ्यासक्रम, नोंदणी. १९२२ पासून १९३७ पर्यंत त्या राष्ट्रीय संघटनेच्या सचिव-कोषाध्यक्ष होत्या. पत्रव्यवहार, अधिवेशने, शाळांची पाहणी, रुग्णालयांकडून येणाऱ्या मागण्या हे सगळे त्यांच्या टेबलावरून जाई.

१९२३ मध्ये संघटनेने प्रशिक्षणाचे किमान निकष जाहीर केले. शिक्षण निदान बारा महिन्यांचे असावे, वर्गातील शिकवणीसोबत शरीराचे आणि आजारांचे ज्ञान द्यावे, आणि काही महिने रुग्णालयात देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावे, असे ठरले. पुढे पात्र थेरपिस्टांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. १९३५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सहकार्याने शाळांसाठी अधिक कडक निकष आले.

रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. तुमच्या आईच्या हाताला हात लावणारी व्यक्ती काय शिकली आहे, कुणाच्या देखरेखीखाली शिकली आहे आणि तिची नोंदणी कुठे आहे, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला अशा नियमांमुळे मिळतो.

न्यूयॉर्कची मनोरुग्णालये

१९२२ मध्येच न्यूयॉर्क राज्याने आपल्या सरकारी मनोरुग्णालयांतील व्यवसायोपचाराचे संचालकपद एलिनॉर यांच्याकडे दिले. हजारो रुग्ण, अपुरे कर्मचारी, जुन्या इमारती. सवयींचे प्रशिक्षण त्यांनी इथे मोठ्या प्रमाणावर राबवले. प्रत्येक वॉर्डात प्रशिक्षित थेरपिस्ट मिळणे अशक्य होते, म्हणून परिचारिकांनाही हे शिकवायचे ठरले. हॅरिएट रॉबसन यांच्यासह त्यांनी परिचारिकांसाठी अभ्यासक्रम लिहिला.

त्या काळच्या मनोरुग्णालयांत रुग्णांकडून धुणीभांडी, शेती, शिवणकाम करून घेतले जाई. संस्थेचा खर्च त्यावर वाचे. हे काम आणि उपचार यांत फरक आहे, हा व्यवसायोपचाराचा आग्रह होता. उपचारातले काम रुग्णाच्या गरजेनुसार निवडायचे, त्याच्या प्रगतीनुसार बदलायचे, आणि ते कुणासाठी चालले आहे याचे उत्तर नेहमी रुग्णासाठी हेच असायला हवे. मतिमंद किंवा मनोरुग्ण व्यक्तींसाठीच्या कार्यशाळा आज पाहतानाही घरच्यांनी हाच प्रश्न विचारावा.

त्यांच्या पद्धतीच्या मर्यादा

एलिनॉर यांचे सगळेच जसेच्या तसे आज चालणार नाही. चोवीस तासांचे वेळापत्रक कर्मचारी ठरवत, रुग्णाला त्यात फारसा आवाज नव्हता. आजचा व्यवसायोपचारतज्ज्ञ पहिल्याच भेटीत रुग्णाला विचारतो, की तुम्हाला सर्वांत आधी काय करता यायला हवे आहे. कुणी म्हणते शौचालयात एकट्याने जाणे, कुणी म्हणते नातवाला उचलून घेणे. उपचाराची दिशा तिथून ठरते.

हस्तकलेवरचा भरही कमी झाला आहे. त्या वेळी विणकाम, टोपल्या आणि लाकूडकाम ही मुख्य साधने होती. आज थेरपिस्ट हातासाठी स्प्लिंट बनवतात, घरातील बदल सुचवतात, स्वमग्न मुलांबरोबर खेळातून काम करतात, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांना दिनक्रम आखून देतात, कामगाराला दुखापतीनंतर पुन्हा कामावर जाण्यास तयार करतात. पक्षाघातानंतर रोजच्या कामांवर केंद्रित व्यवसायोपचार मिळाला तर रुग्णांचे स्वावलंबन सुधारते, असे संशोधनाच्या आढाव्यांतही दिसले आहे. साधने बदलली, पण दिवस हाच उपचाराचा केंद्रबिंदू राहिला.

अखेरची वर्षे

१९३७ मध्ये एलिनॉर राष्ट्रीय संघटनेच्या पदावरून निवृत्त झाल्या. अटलांटिक सिटी येथे झालेल्या निरोप समारंभाला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट आणि जुने गुरू ॲडॉल्फ मायर उपस्थित होते. १९४२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने व्याख्यान देण्याचा मान हा अमेरिकेतील या क्षेत्राचा सर्वोच्च शैक्षणिक सन्मान समजला जातो. पहिले व्याख्यान १९५५ मध्ये झाले.

हे शास्त्र मुंबईत कसे आले

एलिनॉर यांच्या पिढीने अमेरिकेत ज्या शाळा आणि निकष उभे केले, त्यांचा धागा थेट परळपर्यंत येतो. कमला निंबकर यांचे मूळ नाव एलिझाबेथ लंडी. त्या अमेरिकेत जन्मल्या, विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून भारतात आल्या. त्यांनी अमेरिकेत व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले, आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. त्यांनीही हे शिक्षण घेतले ते संसार आणि दुसरे काम सांभाळून झाल्यावर, प्रौढ वयात. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव होते. १९५८ मध्ये नागपुरातही शाळा निघाली.

हा अभ्यासक्रम निवडू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

भारतात या पदवीला बीओटीएच किंवा बीओटी म्हणतात. महाराष्ट्रात बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय लागतात, आणि प्रवेश नीट परीक्षेच्या आधारे होतो. चार वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर इंटर्नशिप असते. नियम आणि कालावधी बदलत असतात, म्हणून प्रवेशाच्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका पाहावी आणि महाविद्यालय मान्यताप्राप्त आहे याची खात्री करावी. मुंबईत केईएम, शीव आणि नायर या महापालिका रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत, तसेच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा अभ्यासक्रम आहे. राज्यात काम करण्यासाठी परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते.

तयारी म्हणून पुढील गोष्टी करता येतील:

- काम आधी पाहा. एखाद्या रुग्णालयाच्या विभागात किंवा विशेष मुलांच्या शाळेत परवानगी घेऊन काही दिवस बसा. हे काम संथ असते. चमचा तोंडापर्यंत नेण्यात एक महिना जाऊ शकतो. तो महिना आपल्याला रस देतो की कंटाळा, हे स्वतःला विचारा.
- शरीररचनाशास्त्राला घाबरू नका, आणि त्याला टाळूही नका. हाताचे स्नायू आणि नसा पाठ नसतील तर स्प्लिंट चुकीचा बसतो.
- मानसशास्त्र वाचा. मन आणि सवयी हा या शास्त्राचा जन्मापासूनचा अर्धा भाग आहे.
- हात वापरते ठेवा. शिवण, सुतारकाम, स्वयंपाक, बागकाम, चित्रकला, काहीही चालेल. हाताने काम केलेल्यालाच त्यातील पायऱ्या दिसतात.
- रोजचे जगणे निरखा. मांडी घालून जेवणारा, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणारा, विहिरीवरून पाणी आणणारा, लोकलने प्रवास करणारा, अशा प्रत्येक रुग्णाची गरज वेगळी असते. परदेशी पुस्तकात ती सगळी सापडणार नाही.
- रुग्णाच्या भाषेत बोलायला शिका. सूचना छोट्या, स्पष्ट आणि एका वेळी एकच असाव्यात.

वय उलटून गेले, आपली शाखा वेगळी होती, असे वाटणाऱ्यांनी एलिनॉर यांचे वय आठवावे. पण त्यांचा दुसरा धडाही विसरू नये. मन चांगले असले तरी शिक्षणाला पर्याय नाही.

रुग्णांच्या घरच्यांसाठी

व्यवसायोपचारतज्ज्ञाकडे जाताना रुग्णाच्या एका दिवसाची नोंद घेऊन जा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तो काय स्वतः करतो, कशात मदत लागते, काय करणे पूर्ण थांबले आहे, हे लिहा. घरातील न्हाणीघर, शौचालय आणि पायऱ्यांचे फोटो मोबाइलमध्ये घ्या. तुम्ही दिलेली ही माहिती तपासणीइतकीच मोलाची असते.

घरी सगळी कामे रुग्णाच्या हातून काढून घेऊ नका. प्रेमापोटी आपण भरवतो, कपडे घालून देतो, आणि त्यामुळे येत असलेले कामही सुटते. सुरक्षित असेल तेवढे त्याला करू द्या, वेळ लागला तरी. सदरा घालताना कमजोर हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. एवढ्या एका बदलाने अनेकांना स्वतःचा सदरा स्वतः घालता येतो. मात्र गिळायला त्रास होणे, वारंवार तोल जाणे, नव्याने हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, असे काही दिसले तर व्यायाम किंवा सराव थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

आजारात मोठ्या गोष्टींकडे सगळ्यांचे लक्ष असते: स्कॅन, शस्त्रक्रिया, औषधे. ते हवेच. पण रुग्णालयातून घरी आल्यावर सकाळी उठून तोंड धुण्यापासून जो दिवस सुरू होतो, तोही उपचाराचाच भाग असतो, आणि त्यासाठी शिकलेले माणूस मिळू शकते. पुढच्या वेळी डिस्चार्जच्या कागदावर ऑक्युपेशनल थेरपी हा शब्द दिसला, तर ती ओळ सोडून देऊ नका. कुठे जायचे आणि कधी सुरू करायचे, हे आपल्या डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.